मुतगेकरांचा जलदुर्ग

वसुबारसेच्या सकाळी श्रियाने जाहीर केलं, की या वर्षी किल्ला करायचा नाही, विमानवाहू जहाज करायचं. श्रीपाद तेव्हा दाढी करत होता. एका गालाला साबण तसाच ठेवून तो अंगणात आला आणि दिवाळीत कुणी जहाज करतं का, असं त्याने मुलीला विचारलं. आप्पा आजोबांचं आहे म्हणून करायचं, असं मुलीने सांगितलं. तोवर साबण वाळून गाल ओढायला लागला, म्हणून तो परत आत गेला.

खासबागेतल्या या घरात गेली एकवीस वर्षं दिवाळीचा किल्ला श्रीपादच्या हुकुमाने होत आला होता. तो हायस्कुलात इतिहास शिकवायचा. त्याच्या किल्ल्यांचे दरवाजे खऱ्या दिशेला असत, बुरूज मोजून असत, आणि मंडळाच्या स्पर्धेत त्याला दरवर्षी दुसरा नंबर मिळे. पहिला नंबर ठरलेला, पलीकडच्या गल्लीच्या राजगडाचा, कारण त्यांनी गडावर कारंजं बसवलं होतं. राजगडावर असं कारंजं नव्हतं, हे श्रीपादने परीक्षकांना चार वेळा लेखी कळवलं, तरी कारंजं उडतच राहिलं. स्पर्धा बारा वर्षांपर्यंतच्या मुलांची होती आणि मोठ्यांनी किल्ल्याला हात लावायचा नाही असा नियम होता. तो नियम सगळी खासबाग सारख्याच निष्ठेने मोडत असे. आधी ज्यांच्या नावावर किल्ला लागे ती भाचरं मोठी झाली होती आणि श्रियाला मार्चमध्ये तेरावं लागणार होतं, म्हणजे मुतगेकरांची स्पर्धेतली ही शेवटची दिवाळी.

जहाज म्हणजे विक्रांत. श्रीपादचे वडील शामू मुतगेकर, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणत, ते नौदलात असताना अकरा वर्षं त्या जहाजावर होते, आणि या घराला स्वतःच्या कुळापेक्षा त्या जहाजाची माहिती जास्त होती. इंग्लंडात ते अर्धवट बांधून पडलं. महायुद्ध संपल्यावर त्याला कुणी विचारेना. मग आपल्या सरकारने ते विकत घेऊन पुरं करवलं आणि एकसष्ट साली नौदलात आणलं. पासष्टच्या लढाईत, ते बुडालं अशी बातमी पाकिस्तानातून सुटली, तेव्हा ते गोदीत दुरुस्तीला कोरडं उभं होतं. एकाहत्तरला बंगालच्या उपसागरात त्याच्यावरून विमानं उडाली. सत्त्याण्णवला ते निवृत्त झालं, काही वर्षं संग्रहालय झालं, आणि दोन हजार चौदाला भंगारात गेलं.

भंगाराची बातमी आली त्या दिवशी आप्पांनी, भाऊबंदांतलं कुणी गेल्यावर करतात तशी, डोक्यावरून आंघोळ केली आणि संध्याकाळपर्यंत अन्नाला शिवले नाहीत. पुढे त्या पोलादातून एका कंपनीने मोटारसायकली काढल्या, तेव्हा धाकट्या मुलाने, रवळूने, एक घेतली. आप्पा त्या गाडीवर कधी बसले नाहीत, पण दर रविवारी तिचं ऑइल मात्र तपासत.

हा रवळू मच्छे गावातल्या एका फौंड्रीत मेंटेनन्सला होता आणि वरच्या मजल्यावर राहायचा. पुतणीचा बेत ऐकताच तो जहाजाच्या बाजूला गेला. एकवीस वर्षं त्याच्याकडे फक्त माती आणायचं काम होतं, आणि बुरूज रचताना अण्णा, म्हणजे श्रीपाद, त्याला जवळ उभंही करत नसे. श्रीपादने शेवटचं हत्यार म्हणून मंडळाचा नियमांचा कागद काढला. किल्ला गिरिदुर्ग, भुईकोट अथवा जलदुर्ग असावा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं.

"पप्पा, जलदुर्ग म्हंजे काय?" श्रियाने विचारलं.

"चारी बाजूंनी पाणी असलेला किल्ला."

"मग जहाजाला किती बाजूंनी पाणी असतंय?"

स्वयंपाकघरात नीलमला, म्हणजे श्रियाच्या आईला, हसू आवरेना. त्या हसण्यामुळे श्रीपाद घरात एकटा पडला. त्याने बहिणीची वाट बघायचं ठरवलं.

बेबी त्याच दुपारी निपाणीहून आली. ती आजवर कायम अण्णाच्या बाजूने उभी राहिली होती. घराला रंग कुठला द्यायचा इथपासून आईचा मोतीबिंदू कुठल्या डॉक्टरकडे काढायचा इथपर्यंत तिने धाकट्या भावाला गप्प बसवलं होतं. पण रवळूने या वेळी तिला न विचारता तिच्या नवऱ्याला गाठलं. मारुतीराव निपाणीतले तंबाखूचे व्यापारी. त्यांना जहाजातलं काही कळत नव्हतं, पण जहाजाला तोफा लागतात एवढं कळत होतं. त्यांनी पिशवीतून विड्यांचा कट्टा काढला आणि एकेक विडी जहाजाच्या कडेला तिरकी खोचून दाखवली. विड्या तोफांसारख्याच दिसल्या. मारुतीराव इतके खूश झाले, की त्यांनी बावीस विड्या खोचल्या. आता जहाजाला विरोध म्हणजे नवऱ्याच्या मालाला विरोध, म्हणून बेबीने पदर खोचला आणि मातीत हात घातला.

श्रीपाद दोन तास रुसून वर्तमानपत्र वाचत बसला. मग जहाजाचा मनोरा तिरका होतोय, हे त्याला खिडकीतून बघवेना. तो बाहेर आला, फूटपट्टी मागितली आणि सगळं काम आपल्या हातात घेतलं.

अंगणात मुतगे या मूळ गावच्या शेतातल्या मातीचं अकरा फुटी जहाज उभं राहिलं. भोवती निळा कागद, त्यावर मिठाच्या लाटा. डेक श्रीपादने थापीने असा गुळगुळीत केला, की त्यावर भाकरी थापावी. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर मनोऱ्याच्या गच्चीवर शिवाजी महाराजांची मूर्ती विराजमान, आणि डेकवर विमानांच्या मधून मावळे भाले घेऊन पहाऱ्यावर. हे कुणी केलं, याचा तपास लागला नाही. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने केलं, आणि महाराजांना उठवून परत खोक्यात ठेवायची कुणाचीच हिंमत झाली नाही.

भांडण पेटलं ते इतिहासावरून. स्पर्धेत किल्ल्याचा इतिहास मुलांनी सांगायचा असतो, आणि परीक्षक आण्णाप्पा सर खोदून खोदून विचारतात. श्रियाने वही भरली होती. आप्पांच्या खुर्चीशी बसून ती दोन वर्षं त्यांच्या आठवणी लिहून घेत आली होती. चार डिसेंबर एकोणीसशे एकाहत्तर, असं तिने वाचलं. सकाळी माझे आजोबा डेकवर उभे होते, पहिलं सी हॉक विमान त्यांच्या डोळ्यांसमोरून उडालं. मग तिने सहज विचारलं, की उडाल्यावर विमान कुठल्या बाजूला वळलं. सर हे विचारणारच, गेल्या वर्षी त्यांनी दिंडीदरवाजा कुठल्या हाताला उघडतो ते विचारलं होतं.

बेबीने डावीकडे म्हणून सांगितलं. आप्पा सांगताना डावा हात असा फिरवायचे, की एकदा त्या हाताने आमटीची वाटी उडाली होती. श्रीपाद म्हणाला, उजवीकडे. चोवीस वर्षं तो नौदलदिनाला शाळेच्या व्यासपीठावरून हेच सांगत होता आणि आता ते बदलता येणार नव्हतं. रवळूच्या मते विमान वळलंच नव्हतं, नाकासमोर सरळ गेलं होतं. मग असं निघालं, की बेबीच्या विमानातल्या पायलटने आप्पांना हात केला होता, श्रीपादच्या पायलटने कडक सलाम ठोकला होता, आणि रवळूच्या पायलटने डोळा मारला होता.

"आमच्या बघायच्या कार्यक्रमात," मारुतीराव घसा खाकरून म्हणाले, "विमान उलटं होऊन गेलतं."

तासाभरात तिघा भावंडांच्या चार बाजू झाल्या. अण्णा आणि रवळू जन्मात पहिल्यांदा एकत्र आले, ते बेबीच्या डाव्या हाताविरुद्ध. लगेच डोळा मारण्यावरून फुटले. बेबीने नवऱ्याला तुम्ही मध्ये बोलू नका म्हटलं, त्यामुळे मारुतीराव श्रीपादकडे गेले. शेवटी सगळ्यांनी आप्पांना हाक मारली. खुर्ची रिकामी होती. आप्पा मागच्या दारी, सकाळी दोनदा चिंचेने घासलेला तांब्याचा बंब तिसऱ्यांदा घासत बसले होते, आणि उद्या नरकचतुर्दशी आहे, मला वेळ नाही, असं त्यांनी मान वर न करता सांगितलं.

आप्पांच्या पत्नी जयाबाईंना त्या घासण्याचा अर्थ कळला. नवऱ्याला त्या छप्पन वर्षं ओळखत होत्या.

दिवाळीच्या पहाटेचा बंब हे आप्पांचं संस्थान. त्यात लाकूड कुणी घालायचं नाही, राख कुणी ओढायची नाही, पाणी किती आहे ते त्यांनीच वाकून बघायचं. त्या पहाटे जयाबाई चहा घेऊन गेल्या, तेव्हा ते जाळाकडे बघत बसले होते आणि काही कारण नसताना बंबातलं पाणी परत परत बघत होते.

लग्न झाल्यापासून हा माणूस झोपेत बोलायचा. पण झोपेत त्याने एकदाही विमानाचं नाव काढलं नव्हतं. झोपेत तो म्हणायचा, पाणी बघ, काचंत पाणी बघ. जयाबाईंना लढाईनंतरच्या पहिल्या वर्षीच उमगलं होतं, की दिवसाचा नवरा जहाजाच्या डेकवर असतो आणि रात्रीचा खाली.

आणि हे कसं झालं, तेही त्यांनी चावडीजवळच्या एका दाराआडून ऐकलं होतं. बहात्तर साली आप्पा सुट्टीवर मुतग्याला आले, तेव्हा चावडीवर हार घातला होता. विमानं कशी उडाली, असं लोकांनी विचारलं. आप्पांनी खरं सांगितलं, की मी स्टोकर, खाली बॉयलरपाशी होतो, मला दिसलं नाही. तेव्हा गर्दीतून कुणीतरी म्हणालं, म्हंजे लढाईत तू खाली लपून बसलतास व्हय रं शामू. सगळी चावडी हसली. पंचवीस वर्षांचा तो पोरगा लाल झाला, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गल्लीत त्याने सांगितलं, की आपण डेकवर उभे होतो. तेव्हापासून त्याला कुणी खाली उतरू दिलं नव्हतं. जयाबाईंना त्या हसण्याचा राग अजून होता.

"पोरीला सांगा," त्या म्हणाल्या.

"काय सांगू? आज्जा खोटारडा हाय म्हणून?" आप्पांनी लाकूड उगाच सरकवलं. "शाळंतनं येऊन माझ्याजवळ वही घेऊन बसती. ह्या वयात माझं बोलणं कोण लिवून घेतंय? एकदा कळलं की वही मिटंल."

"मिटंना. पर ती परवा आण्णाप्पा मास्तरापुढं तुमच्यासाठी खोटं बोलंल, त्ये चालंल तुमाला?"

आप्पांनी जाळाला फुंकर घातली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि धुरामुळे आलं असं म्हणायची सोय होती.

एव्हाना आंघोळीची रांग लागली होती. नीलमने सगळ्यांना तेल चोपडलं होतं. श्रीपाद पंचा लावून, तेलाने चकचकीत होऊन उभा होता. मारुतीरावांनी उटणं अंगाऐवजी आधी तोंडालाच लावलं होतं, त्यामुळे त्यांचे फक्त डोळे दिसत होते. रवळू थंडीने उड्या मारत होता. बेबी आणि श्रिया डोक्यावर तेल मुरवत पायरीवर बसल्या होत्या. अशा सभेपुढे, बंबाकडे तोंड करून, आप्पांनी तोटी सोडली आणि बोलून टाकलं.

"त्या दिवशी मी डेकवर नव्हतो. ईमान उडताना मी बघितलं न्हाय. त्या दिवशी न्हाय, लढाईभर न्हाय. खाली बॉयलरला होतो."

बादली भरून वाहायला लागली, तरी कुणी सरकेना.

श्रीपादच्या डोळ्यांसमोरून चोवीस नौदलदिन गेले. दरवर्षी चारशे मुलं म्हणजे साधारण किती मुलांना आपण हे सांगितलं, याचा तो मनात गुणाकार करू लागला आणि मध्येच सोडून पंच्याची गाठ घट्ट करत बसला. बेबीला एवढंच वाटलं, की त्या आमटीच्या वाटीचं आता काय करायचं. मारुतीरावांनी उटण्याआडून फार नम्रपणे विचारलं, की मग उलटं विमान.

"ते मी जागच्या जागी वाढवलं, जावई," आप्पा म्हणाले. "तुमी लई जांभया देत होता."

श्रिया उठली. ती आता आत निघून जाणार, असं आप्पांना वाटलं आणि त्यांनी मान खाली घातली. ती आत गेलीच, पण वही आणि पेन घेऊन परत आली आणि तेलाच्या हातांनी पान उघडून बंबाजवळच्या दगडावर बसली.

"मग आप्पा, खाली तुम्ही काय करत होता?"

हा प्रश्न त्यांना चोपन्न वर्षांत कुणी विचारला नव्हता. आप्पांनी आधी तोटी बंद केली. मग त्यांनी सांगितलं, की बॉयलर चार होते, त्यातल्या एकाला चिरा गेल्या होत्या, म्हणून तीनवर जहाज चाललं होतं. खाली उकाडा असा, की घामाने बूट भरत. बॉयलरला एक काचेची नळी असते आणि तिच्यात पाणी दिसतं. ते पाणी खाली गेलं तर घात, वर गेलं तरी घात. आपलं काम त्या नळीवर डोळा ठेवायचं. वर लढाई असो नाहीतर काही असो, काचेवरून नजर काढायची नाही. ईमान सुटलं की डोक्यावर धाडकन आवाज व्हायचा आणि वाफेच्या दाबाचा काटा जरासा पडायचा.

"काटा का पडंल?" रवळूने विचारलं. त्याच्या उड्या थांबल्या होत्या.

"वाफ जायची की वर. एवढ्याशा धावपट्टीवरनं ईमान आपलं आपण कुठलं उडतंय? त्याला फेकाय लागतंय. ते फेकायचं यंत्र वाफेवर. वाफ आमची."

रवळूने अण्णाकडे बघितलं, अण्णाने रवळूकडे. इतिहासाचा मास्तर आणि फौंड्रीचा मेकॅनिक यांचं जन्मात दुसऱ्यांदा आणि या वेळी पुरतं एकमत झालं.

"म्हंजे आप्पा, ईमानं तुमी फेकलासा," रवळू म्हणाला.

"मी कशाला? वाफेनं फेकली." आप्पांना हे बोलणं आवडलं होतं, पण पटलं नव्हतं. "आमी आपलं खालनं विचारायचो, गेलं काय, गेलं काय. वरच्यांस्नी सांगाय सवड न्हाय. काटा पडला की आमीच समजायचो, गेलं."

श्रियाने हे शब्दन् शब्द लिहून घेतलं. वहीच्या पानाला तेल लागून ते पारदर्शक झालं होतं. रवळू तेल न धुताच घरात गेला आणि नीलमचा पाच लिटरचा कुकर उचलून मागच्या दाराने वर निघाला. पाडव्याला त्यात डाळ शिजवायची आहे, असं नीलमने ओरडून सांगितलं, पण तोवर वरून करवतीचा आवाज यायला लागला होता.

पाडव्याच्या संध्याकाळी आण्णाप्पा सर आले. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, काखेत छत्री, हातात गुणांचा तक्ता. त्यांनी जहाजाला एक फेरी मारली आणि डेकजवळ थबकले. डेक हिरवागार होता. किल्ल्यावर झाडी दिसावी म्हणून दरवर्षी हाळीव पेरतात, तसे नीलमने डेक झाला त्याच दिवशी हातासरशी इथेही पेरले होते. ते आज नेमके बोटभर उगवून विमानांच्या चाकांना लागले होते.

"जहाजावर गवत कसं काय री हे?"

श्रीपाद, ते शेवाळ आहे, असं काहीतरी म्हणणार होता. श्रियाने त्याला बोलू दिलं नाही. आईला सवय आहे, सर, असं तिने खरं ते सांगून टाकलं. नीलमने पदर तोंडावर घेतला.

"आणि महाराज?"

"महाराजांशिवाय किल्ला कसा, सर?"

आण्णाप्पांनी आधी चपला काढून नमस्कार केला आणि मग तक्त्यात काहीतरी लिहिलं. श्रियाने इतिहास सुरू केला. पासष्ट साली जहाज बुडाल्याची बातमी मुतग्यात पोचली, महिनाभर पत्र नव्हतं, म्हणून पणजोबांनी आप्पांचं दहावं घातलं. तेराव्या दिवशी पंगत बसली असताना आप्पा ट्रंक घेऊन दारात उभे राहिले आणि स्वतःच्या तेराव्याचं जेवण दोनदा वाढून घेऊन जेवले. आण्णाप्पांनी चष्म्यावरून बघितलं. हे काही खरं वाटत नाही, असं ते म्हणाले. तेव्हा जयाबाईंनी, सासूबाईंनी ते आपल्याला शंभर वेळा सांगितलंय आणि वाढणारी आचारीण अजून मुतग्यात हयात आहे, असं सांगून तो विषय मिटवला.

"चार डिसेंबर एकोणीसशे एकाहत्तर," श्रियाने पुढचं पान उघडलं. "त्या सकाळी माझ्या आजोबांना काहीच दिसलं नाही. ते खाली बॉयलरपाशी काचेच्या नळीतलं पाणी बघत होते. वरून जी विमानं गेली ती त्यांच्या वाफेनं गेली. आता प्रात्यक्षिक."

जहाजामागच्या कुंपणाआड, शेगडीवर कुकर चढलेला होता. त्याच्या शिट्टीच्या जागेतून तांब्याची नळी निघून मातीखालून डेकमध्ये घुसत होती. तिथे रवळूने सायकलच्या पंपाची नळकांडी बसवली होती, आणि तिच्या दांड्याला अडकवलेल्या आकड्याच्या पुढे थर्माकोलचं सी हॉक हाळिवात उभं होतं. कुकरपाशी अर्थातच आप्पा. दुसऱ्या कुणाला त्यांनी तिथे बसूच दिलं नव्हतं. कुकरला काच नव्हती, तरी त्यांची नजर हलत नव्हती. ते कान देऊन आतलं पाणी ऐकत होते.

"सोड," आप्पा म्हणाले, आणि रवळूने वाफेचा कॉक फिरवला.

फुस्स झालं, धाड झालं, दोन मावळे भाल्यांसकट उडाले. सी हॉक मारुतीरावांच्या तोफांवरून आणि कुंपणावरून थेट पलीकडच्या गल्लीकडे गेलं. तिकडे राजगडाच्या कारंज्यात काहीतरी अडकल्याचा आवाज आला आणि कारंजं बंद पडलं. मुतगेकरांच्या अंगणात एकदम आरडाओरडा सुरू झाला. श्रीपाद, ज्याने आयुष्यात कधी शिट्टी वाजवली नव्हती, तो दोन बोटं तोंडात घालून फक्त थुंकी उडवत होता.

या सगळ्या गोंधळात कुंपणाआडून एक आवाज आला, तो फक्त श्रियाने ऐकला.

"गेलं काय?"

ती कुंपणाशी धावली. आप्पा वाकून कुकरकडे बघत होते. त्यांनी मान वर केलीच नव्हती. श्रियाने त्यांचा हात धरला आणि वर चला, दुसरं विमान लावलंय, असं सांगितलं. आप्पा हलेनात. वाफ चढलेली असताना बॉयलर सोडून जाता येत नाही. पाणी कोण बघणार, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. रवळू म्हणाला मी बघतो, पण रवळूवर त्यांचा भरवसा नव्हता. श्रीपादवर तर कुणाचाच नव्हता.

जयाबाई पुढे झाल्या. त्यांनी पाटावरून नवऱ्याला उठवलं आणि पदर सावरून स्वतः बसल्या.

"सरका. चाळीस वर्षं कुकर लावत्ये मी. आतलं पाणी मला आवाजावरनं कळतंय. तुमी वर जावा."

आप्पा गेले. श्रियाने त्यांना मनोऱ्याशेजारी उभं केलं. आण्णाप्पा सर दरम्यान आपला निकाल सांगत होते. गिरिदुर्गात हे बसत नाही, पण जलदुर्गाचा वेगळा गट केला तर त्यात मुतगेकर पहिले येतील, कारण त्या गटात दुसरं कुणीच नाही. एकवीस वर्षांनी आलेला पहिला नंबर श्रीपादने ऐकलाच नाही. तो, बेबी आणि रवळू तिघंही आप्पांकडे बघत होते.

"सोडा," जयाबाईंनी कुंपणाआडून सांगितलं.

सी हॉक हाळिवातून सरसरत निघालं. डेकच्या टोकावर ते हातभर खाली गेलं, आप्पांचे दोन्ही हात आपोआप पुढे आले, आणि मग ते उचललं गेलं. विड्यांच्या वरून, मिठाच्या लाटांवरून, पणत्यांच्या उजेडातून ते वर चढलं, वळलं, आणि आण्णाप्पा सरांच्या छत्रीला टोचून खाली पडलं. डावीकडे वळलं होतं. बेबीने दोन्ही भावांकडे असं बघितलं, की दोघांनी माना खाली घातल्या.

विमान कसं दिसलं, असं सरांनी आप्पांना विचारलं. अर्धं शतक या एका प्रश्नाची उत्तरं देणाऱ्या माणसाला आज एक शब्द बोलता येईना. त्यांनी नुसता हात वर केला आणि डावीकडे फिरवला. श्रियाने वही उघडून ते लिहून घेतलं.

कुंपणाआड जयाबाई कुकरवर डोळा ठेवून बसल्या होत्या. त्यांना इथून काही दिसत नव्हतं.

"गेलं काय हो?" त्यांनी विचारलं.

आप्पा कुंपणापाशी आले आणि त्यांच्याजवळ वाकले.

"गेलं," ते म्हणाले. "मी बघितलं."